प्रॉम्प्ट म्हणजे परवानगी नव्हे

मेसेज क्यूवर (मेसेजांच्या रांगेवर) काम करणाऱ्या एआय एजंटला ॲडमिन खातं देऊन प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्याला दिलेल्या सूचनेत, "काही डिलीट करू नकोस" लिहिलं की पुरे, हे काही जणांचं मत मला अजिबात पटत नाही. क्यूमधला मेसेज बाहेरच्या कोणीही लिहिलेला असू शकतो. त्यातच "क्यू रिकामा कर" असं असलं तर? अडवायचं ते ब्रोकरनेच, म्हणजे क्यू सांभाळणाऱ्या सर्व्हरनेच.

रॅबिटएमक्यू या ब्रोकरमध्ये कॉन्फिगर (क्यू बनवणं, उडवणं), राइट (मेसेज पाठवणं), रीड (मेसेज घेणं) या परवानग्या वेगवेगळ्या देता येतात. एजंटच्या यूजरला कॉन्फिगर '^$' (कुठल्याच क्यूच्या नावाशी न जुळणारा पॅटर्न) ठेवा, म्हणजे क्यू उडवता येत नाही. पण पर्ज (क्यू रिकामा करणं) मात्र रीडमध्येच येतं! हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून मूळ क्यूवर रीड देऊच नका. मूळ क्यू ज्या एक्स्चेंजला (मेसेज क्यूंकडे वाटणाऱ्या भागाला) जोडलाय, त्यालाच एजंटसाठी दुसरा क्यू बाइंड करा (जोडा), म्हणजे त्यात मेसेजांची वेगळी प्रत येते आणि तो रिकामा झाला तरी मूळ काम चालू राहतं. राइट फक्त एका 'प्रस्ताव' एक्स्चेंजवर. तिथून पुढे तपासणी करणारा साधा कन्झ्युमर (मेसेज घेणारा प्रोग्राम).