‘इव्हेंट ट्रिगर’ मराठीत कसं लिहायचं?

वाडीकर: संस्थेच्या फाइल सर्व्हरचं काम मी सोडतोय. यापुढे ते बघणारे काका निवृत्त हिशेबनीस आहेत, मराठी पक्कं, इंग्रजी कागद हातात धरत नाहीत. त्यांच्यासाठी टिपण लिहितोय. स्कॅनचं फोल्डर ८५ टक्के भरलं की विंडोजच्या इव्हेंट लॉगमध्ये नोंद पडते. ती पडली की टास्क शेड्यूलर स्क्रिप्ट चालवतो आणि जुनी स्कॅन दुसऱ्या डिस्कवर जातात. मी मथळा दिला ‘घटनाधारित चाप’. काकांनी विचारलं, “यात राज्यघटना कुठून आली? आणि चाप कोणाला लावायचाय?” काय लिहू?

रावपुरेकर: काकांचं बरोबर आहे. बंदुकीला चाप असतो हे खरं, पण बोलताना चाप लावणं म्हणजे आळा घालणं. ट्रिगर तर काम सुरू करतो. ‘घोडा’ लिहा.

मांजलपूरकर: आळा हा अर्थ पुण्याकडचा धरून चालू नका. आमची आजी विजेच्या बटणाला ‘चांप’च म्हणायची. गुजरातीत चांप दाबली की काम सुरू होतं. बडोद्याच्या माणसाला ‘चाप’ लगेच कळेल.

रावपुरेकर: आजीची चांप गुजराती, त्यावर अनुस्वार आहे. टिपण मराठीत लिहायचंय ना?

मांजलपूरकर: अनुस्वारावरून भाषेची हद्द आखायची, तर रावपुऱ्यातली निम्मी मराठी हद्दीबाहेर जाईल!

सर्व्हरवाला: घोडा काय, बटण काय, दोन्ही माणसाला दाबावी लागतात. इथे कोणी काही दाबत नाही, हा मुद्दा राहून जातोय. उंदराच्या पिंजऱ्याला ‘खटका’ असतो, उंदीर भाकरीचा तुकडा ओढतो आणि खटका पडतो. तोच शब्द घ्या. रात्री २ वाजता चालणारं काम वेगळं, ते वेळेवर बांधलेलं असतं, फोल्डर रिकामं असलं तरी चालतं. हा फरक काकांना कळला की अर्धं टिपण झालं.
आणि ‘घटना’ शब्दावर फार विसंबू नका. इव्हेंट लॉगमधली ४६६३ क्रमांकाची नोंद ‘फाइल हाताळली’ एवढंच सांगते, तीही ऑडिट धोरण (कोणी काय हाताळलं ते टिपून ठेवणं) चालू असेल आणि त्या फोल्डरवर ऑडिट लावलेलं असेल तरच. शिवाय वर्डमध्ये नुसतं सेव्ह केलं तरी तात्पुरत्या फाइली बनतात आणि पुसल्या जातात. नोंदीत ‘डिलीट’ दिसलं म्हणून कोणी कागद उडवला असं होत नाही. काकांना हे आधी सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी कारकुनाला जाब विचारतील.

दांडियाबाजार: ‘निमित्त’ का नको? भरलेलं फोल्डर हे निमित्त, स्क्रिप्ट हे कार्य. गीतेतही ‘निमित्तमात्रं भव’ आहे. आपल्याच गावात सयाजीरावांच्या राज्यात १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ निघाला. इंग्रजी कारभारी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द शेजारी शेजारी लावलेत. त्या गावात बसून आपण ‘ट्रिगर’ लिहायचं?

सर्व्हरवाला: त्या कोशात फारसीलाही जागा आहे, मग ट्रिगरला का नसावी? उद्या काका मदतीला कोणाला बोलावतील तो माणूस ‘ट्रिगर’च म्हणणार. स्क्रीनवरही तेच लिहिलेलं असतं. ‘निमित्त’ शोधत बसले तर सापडायचं नाही.

दांडियाबाजार: स्क्रीनवरचा शब्द एकदा सांगून ठेवावा. टिपणाची भाषा स्क्रीनने ठरवू नये.

लिनक्सप्रेमी: आमच्या लिनक्समध्ये फोल्डरातले बदल कळवायला आयनोटिफाय आहे, २००५ पासून कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच. फक्त पोटफोल्डरांवर ते आपणहून नजर ठेवत नाही, प्रत्येकावर वेगळा पहारा बसवावा लागतो. मी ‘पहारा’च म्हणतो, अजून कोणी अडलं नाही.

रावपुरेकर: पहारा म्हणजे वॉच. विचारलंय ट्रिगरबद्दल.

वाडीकर: सध्या ‘खटका (ट्रिगर)’ लिहिलंय. आता काका सॉफ्ट कोट्यावर अडलेत (कोटा म्हणजे फोल्डरला ठरवून दिलेली जागा). सॉफ्टला ‘मवाळ मर्यादा’ चालेल?

दांडियाबाजार: मग हार्डला ‘जहाल’ म्हणणार का? ‘सैल’ आणि ‘पक्की’ म्हणा.

मांजलपूरकर: मवाळच ठेवा. सॉफ्ट कोटा नुसता कळवतो, अडवत नाही. सैल म्हटलं तर वाटेल मर्यादाच हलते.

सर्व्हरवाला: आणि हार्ड कोटा भरला की सेव्हच होत नाही, त्याला तुमचा मूळचा ‘चाप’ चपखल बसतो.

रावपुरेकर: तेच तर मी पहिल्यापासून सांगतोय!