बारावी झाली, पायलट व्हायचंय. कॉलेजचं काय करू?

निफाडकर०७:
नमस्कार. यंदा बारावी सायन्स पास झालो, फिजिक्स-मॅथ्स दोन्ही आहेत. ओझरहून सुखोई उठलं की आमच्या द्राक्षबागेत आवाज येतो, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. वडील तयार आहेत, वेळ पडली तर एकरभर जमीन विकू म्हणतात. आजोबांचं म्हणणं, आधी पदवी, मग विमान. नाशिकच्या केटीएचएम कॉलेजात बीएस्सीला प्रवेश घेऊन सोबत सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, जमेल का? मला मायनस दीडचा चष्मा आहे.

नाशिकरोडची_ताई:
मी याच वळणावर एक वर्ष घालवलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

रेग्युलर बीएस्सी आणि फ्लाइंग सोबत होत नाही. मी करून पाहिलं. प्रॅक्टिकलची हजेरी आणि फ्लाइंगचा रोस्टर, दोन्ही सकाळचेच. पहिल्याच सेमिस्टरला हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही. सीपीएलला पदवी लागत नाही, फिजिक्स-मॅथ्ससह बारावी चालते. पण आजोबा चुकीचं बोलत नाहीयेत. लायसन्स हातात आलं की लगेच नोकरी लागते असं नाही, आणि पुढे कधी मेडिकल गेलं, म्हणजे तब्येतीच्या तपासणीत नापास झालं, तर हातात दुसरं काहीतरी हवंच.

मी नंतर मुक्त विद्यापीठातून बीकॉम केलं. गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला आपलं यशवंतराव चव्हाण विद्यापीठ आहे, तिथलीच पदवी. अभ्यास कधी केला सांगू? पावसाळ्यात. सकाळी सहाला युनिफॉर्म घालून ब्रीफिंग रूममध्ये बसायचं, ढग खाली आलेले, खिडकीतून धावपट्टीचं दुसरं टोक दिसत नाही. दहाच्या सुमारास इन्स्ट्रक्टर बोर्डावरची नावं पुसायचे. एका जुलैत माझ्या लॉगबुकात जेमतेम सव्वा तास चढला. बाकीचे विमानाची वाट बघत कंटाळायचे, मी कॉस्टिंगची गणितं सोडवायचे. लायसन्ससाठी लागणारे उड्डाणाचे २०० तास भरायला ठरल्यापेक्षा जास्तच वेळ लागतो, तेवढ्यात पदवीची दोन वर्षं सहज निघतात.

आणि जमिनीचं. क्लास वनचं, म्हणजे व्यावसायिक पायलटला लागणारं, मेडिकल हातात येईपर्यंत सातबाऱ्याला हातही लावू नका, वडिलांना माझ्यातर्फे सांग. मी ज्या कोचिंग क्लासला होते तिथे आधी पूर्ण फी भरून घेतली, मेडिकलबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आमच्या बॅचच्या एका मुलाला रंग नीट ओळखता येत नाहीत हे फी भरल्यावर कळलं. त्याचा चेहरा मी विसरू शकत नाही.

सिन्नरचे_काका:
ताई, छान लिहिलंत. माझी पुतणी याच मार्गावर आहे. एक भर घालतो, डीजीसीएचे, म्हणजे लायसन्स देणाऱ्या सरकारी विमान वाहतूक खात्याचे, पेपर फ्लाइंग सुरू व्हायच्या आधी देऊन टाका. नेव्हिगेशन, मेट (हवामान), रेग्युलेशन्स, टेक्निकल. पास व्हायला ७० टक्के लागतात. पुतणीने आधी फ्लाइंग घेतलं, आता विमान उडवून थकून आल्यावर रात्री पुस्तक उघडते.

देवळाली_कॅम्प:
पदवीचा आणखी एक फायदा. एअर फोर्सच्या एएफकॅट या प्रवेश परीक्षेला फ्लाइंग ब्रँचसाठी पदवीला ६० टक्के लागतात, बारावीला फिजिक्स-मॅथ्स पाहिजेच. एरवी वयाची मर्यादा २४, सीपीएल असेल तर २६. तेव्हा बीकॉम नुसतं काठावर पास होऊ नकोस.

निफाडकर०७:
ताई, काका, खूप आभार. आजोबांना वाचून दाखवलं. मुक्त विद्यापीठाचं ऐकून म्हणाले, मग हरकत नाही. आधी क्लास टूचं, म्हणजे क्लास वनच्या आधीच्या टप्प्याचं, मेडिकल करतो. चष्म्यामुळे अडेल का?

नाशिकरोडची_ताई:
मलाही आहे, मायनस दोन. चष्म्याने नीट दिसत असेल तर अडत नाही. रंगांची तपासणी मात्र नीट करून घे. आणि आत्तापासूनच दुसरा चष्मा बनवून ठेव, कॉकपिटमध्ये जादाचा सोबत ठेवावाच लागतो.