नायक नीच असला तर प्रेक्षकाला धरून कसं ठेवायचं?

लालबागकर:
४५ मिनिटांची एकांकिका, दादरच्या एका स्पर्धेसाठी. नायक भांडुपच्या चाळीतला, व्याजाने पैसे फिरवणारा. तिसऱ्याच मिनिटाला तो एका कर्जदाराचा हात तापल्या तव्यावर दाबतो. वाचनाला सगळे हादरतात, पण त्यानंतर लक्ष उडतं. प्रसंग काढावा का? की नायकाच्या लहानपणीचा एखादा प्रसंग घालून त्याला सावरावं?

विंगेतला:
काढू नका, मागे न्या. तिसऱ्या मिनिटाला कर्जदार कोण हेच ठाऊक नसतं, मग भाजतो तो कुणाचा तरी हात. आधी त्याला सहा-सात मिनिटं द्या. पैसे कशासाठी घेतले, नोटा थुंकी लावून कशा मोजतो, सावकारासमोर उगाच विनोद कसे करतो, हे दिसू दे. तवा पंधराव्या मिनिटाच्या आसपास येऊ दे.

आणि भाजलेला हात पुढे विसरू नका! बहुतेक संहितांत पुढच्या प्रवेशात जखम गायब असते. उजवा हात बांधलेला, म्हणून चहाचा कप डाव्या हाताने, पुढच्या कागदावर सहीऐवजी अंगठा, तोही डावा. हे बघताना प्रेक्षकाला तवा पुन्हा आठवतो, नवा धक्का लागत नाही. एकावर एक धक्के चढवत गेलात तर तिसऱ्याला लोक हसतात.

लहानपण नकोच. कारण सांगितलं की ती माफी वाटते. 'सखाराम बाइंडर'मध्ये (१९७२) तेंडुलकरांचा सखाराम लक्ष्मीला घरात आणतानाच आपल्या अटी तोंडावर सांगतो. तो फसवत नाही, लपवत नाही, आणि म्हणूनच त्याच्यावरून नजर हटत नाही. तुमच्या नायकालाही कीव नको, एखादं कसब द्या. सगळ्यांचं व्याज तोंडपाठ, वही नाहीच.

प्रकाशयोजना_परळ:
रंगमंचावर क्लोजअप नसतो, त्यामुळे हात दाखवायच्या फंदात पडू नका. शेगडी मागच्या बाजूला, सावकाराची पाठ प्रेक्षकांकडे, उजेड बघणाऱ्या बायकोच्या तोंडावर. तवा गारच हवा. चर्र आवाज आधीच रेकॉर्ड करून ठेवा. तापल्या तव्यावर पाणी शिंपडलं की तो मिळतो. आवाज आधी, किंकाळी नंतर. हे अर्ध्या सेकंदाने जरी उलटं झालं तरी हशा पिकतो. आवाजवाल्याला खूण म्हणून सावकाराचं कोपर वर जाणं ठरवा, संवादावर ठेवू नका. स्पर्धेत नट घाईत वाक्य गाळतात.

जुनी_संहिता:
लहानपणाबद्दल सहमत. जागेबद्दल मात्र नाही. तिसरं मिनिट ठेवता येईल, फक्त तिथे कृत्याऐवजी बांधलेला हात दाखवा आणि कुणी काही बोलू नका. तवा नंतर.

संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरकडे) वेळेत द्या. रंगसूचनेत 'मांस जळतं' वगैरे रंगवून लिहिलं की आक्षेपाला आयतं निमित्त मिळतं. 'हात दाबतो' एवढंच पुरे. तेंडुलकरांच्याच 'गिधाडे' नाटकातल्या माणिकच्या साडीवरच्या लाल डागाला सेन्सॉरने हरकत घेतली, तेव्हा डाग निळा केला आणि तो लाल समजावा असं प्रेक्षकांना आधीच सांगितलं. निळा डागही अंगावर आला, कारण तोवर माणिक प्रेक्षकांची झाली होती. त्यामुळे विंगेतला म्हणतात ती सहा-सात मिनिटं कर्जदाराला द्याच, प्रसंग कुठेही ठेवलात तरी.