मदत हवी आहे: 'डिमांड'च्या पुढे 'ऑफ' लिहावे की 'फॉर'?

नमस्कार. आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीचा वार्षिक अहवाल मराठीत लिहून झाला असून त्याचा इंग्रजी मसुदा तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. 'लाल कांद्याची मागणी डिसेंबरमध्ये वाढली' या वाक्यासाठी मी 'द डिमांड ऑफ रेड अनियन्स' असे लिहिले होते. मसुदा तपासणाऱ्यांनी त्यातील 'ऑफ' खोडून 'फॉर' केले. मात्र पुढच्याच पानावरील 'द डिमांड ऑफ द मेंबर्स' त्यांनी तसेच राहू दिले. मराठीत दोन्हीकडे 'ची'च आहे, मग इंग्रजीत हा भेद कशासाठी? त्यातच 'द मेंबर्स डिमांडेड फॉर अ कोल्ड स्टोरेज' यातला 'फॉर'सुद्धा त्यांनी काढून टाकला आहे, त्यामुळे नेमका नियम काय हे कळेनासे झाले आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
मसुदा तपासणाऱ्यांचे तिन्ही निर्णय बरोबर आहेत. सभासद मागतात, कांदा काही मागत नाही, तो मागितला जातो. आपली 'ची' ही दोन्ही नाती एकाच प्रत्ययात सामावून घेते, इंग्रजीत मात्र मागणाऱ्यासाठी 'ऑफ' आणि मागितलेल्या वस्तूसाठी 'फॉर' येते. 'कांद्याला मागणी आहे' असे म्हणता येते, तेथे 'फॉर' लिहावे. 'डिमांडेड' हे क्रियापद असल्याने त्याचे कर्म थेट येते, मध्ये शब्दयोगी अव्ययाची गरज नसते. 'रिक्वेस्ट'चेही असेच आहे: नाम असताना 'रिक्वेस्ट फॉर लीव्ह', क्रियापद असताना नुसते 'रिक्वेस्टेड लीव्ह'. (सरकारी पत्रांतही 'रिक्वेस्टेड फॉर' सर्रास दिसते, पण म्हणून ते शुद्ध ठरत नाही.)

मूळ लेखक
आभारी आहे. एक शंका उरते. 'शीतगृहाला मागणी आहे' म्हटले, तर शीतगृह विक्रीला काढल्यासारखे वाटते. तेथे 'ऑफ' येईल का?

प्रतिसाद १
नाही, तेथेही 'फॉर'च: 'द मेंबर्स डिमांड फॉर अ कोल्ड स्टोरेज', फक्त 'मेंबर्स'च्या शेवटी षष्ठीचे चिन्ह द्यावे. 'ला'ची कसोटी बाजारातल्या मालापुरतीच चालते, हे मी आधीच सांगायला हवे होते. मागणारा कोण आणि मागितले काय, एवढे पाहावे. परिमाण सांगताना मात्र 'ऑफ' येते. '500 टनांची मागणी' हे 'अ डिमांड ऑफ 500 टन्स' असेच लिहावे, ते चुकून बदलू नका.