४११ खासदार पदरात असून स्टार्मरचं सरकार लटपटतंय का? (डिसेंबर २०२५)

रीडिंगकर
लोकहो, एक कोडं आहे. जुलै २०२४ ला इथे ब्रिटनमध्ये स्टार्मरच्या लेबर पक्षाने ६५० पैकी ४११ जागा मारल्या, टोरींचं (कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं) चौदा वर्षांचं राज्य गेलं, आणि आता दीड वर्षात हे लोक असे वागतायत की जणू उद्या सभागृहात बहुमत सिद्ध करायचंय. म्हाताऱ्यांचा हिवाळ्यातला हीटिंगचा भत्ता काढला, बोंबाबोंब झाली, बहुतेकांना परत दिला. अपंगांच्या भत्त्याला कात्री लावायला निघाले तर स्वतःचेच शंभरावर खासदार उलटले, ऐनवेळी ते कलम गुंडाळलं. मध्येच उपपंतप्रधान अँजेला रेनर फ्लॅटच्या स्टँप ड्युटीपायी घरी गेल्या.

माझं म्हणणं असं की लाट नव्हतीच. मतं पडली ३३.७ टक्के. २०१९ ला लेबरचा आधीचा नेता कॉर्बिन सपाटून हरला, तरी त्याला एक कोटीच्या वर मतं होती आणि जागा २०२. स्टार्मरला ९७ लाख मतं आणि जागा ४११!! टोरी २३.७ आणि नायजेल फराजचा स्थलांतरविरोधी रिफॉर्म पक्ष १४.३, दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ, बाकी काही नाही. पायाच नाही तर इमारत हलणारच ना.

कट्ट्यावरचा बंडू
आलं का टक्केवारीचं रडगाणं. नियम सगळ्यांना सारखे आहेत. आपल्याकडे २०१४ ला भाजपला ३१ टक्क्यांत २८२ जागा मिळाल्या, तेव्हा सरकार लटपटलं का? लेबरच्याच ब्लेअरने २००५ ला ३५ टक्क्यांवर आरामात सरकार चालवलं. बहुमत म्हणजे बहुमत, ते वापरायची धमक पाहिजे.

प्रॉब्लेम माणसाचा आहे. स्टार्मर आधी सरकारी वकिलांचा प्रमुख होता, समोर आलेली फाईल नीट वाचणार, खुणा करणार, पण फाईल कुठली उघडायची हे ठरवायला दुसरं कोणीतरी लागतं. हिवाळी भत्ता पहिल्याच महिन्यात काढायचं कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं? थोडेफार पैसे वाचणार होते त्यासाठी पेन्शनर अंगावर घेतले, आणि नंतर माघार घेतल्यावर पैसेही गेले आणि इज्जतही.

लेस्टरची सून
बंडू दादा, आकड्यांना एवढे हसू नका. २०२४ ला टोरी देशभर आपटत होते आणि त्यांनी लेबरकडून एकच सीट खेचली, ती आमची लेस्टर ईस्ट. का, तर लेबरचे दोन माजी खासदार वेगवेगळे उभे राहिले आणि मतं फुटली. मी स्वतः तेव्हा व्हिसावर होते, पण कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून आपल्यालाही इथे खासदारकीला मत देता येतं (बऱ्याच जणांना माहीतच नसतं, नाव नोंदवा बाबांनो). शाळेच्या हॉलमध्ये दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदावर फुली मारायची, बोटाला शाई नाही. गंमत वाटली.

पण माझं दुखणं वेगळं आहे. मी केअर होममध्ये (म्हाताऱ्यांची देखभाल करतात तिथे) कामाच्या पाळ्या लावते. जुलै २०२५ पासून केअर वर्कर परदेशातून आणणं बंद झालंय. रात्रपाळीला माणूस मिळत नाही, एजन्सीवाल्याला दुप्पट देऊन बोलवावं लागतं, तरी ऐनवेळी येत नाही. आणि त्याच वेळी पंतप्रधान भाषणात म्हणतात की देश अनोळखी माणसांचं बेट होईल, मग दीड महिन्याने म्हणतात असं बोलायला नको होतं. ज्या आज्जींना मी सकाळी चहा देते त्यांना माझी अनोळखी म्हणून भीती वाटत नाही हो.

हॅरोचे नाना
सूनबाई, राग नको, पण हे पण ऐका. मी नव्वदच्या दशकात आलो, व्हिसा, फिया, सगळं रांगेत उभं राहून केलं. जून २०२३ ला संपलेल्या वर्षात निव्वळ नऊ लाख माणूस वाढला या देशात, आणि तोही ब्रेक्झिट करून लगाम आमच्या हातात आला म्हणणाऱ्या टोरींच्या राज्यात. घरं कुठायत, जीपीची (डॉक्टरची) अपॉइंटमेंट कुठाय? रिफॉर्म म्हटलं की सगळे नाक मुरडतात, पण रनकॉर्नची पोटनिवडणूक ते सहा मतांनी का होईना जिंकलेच, आणि केंट कौन्सिलात ८१ पैकी ५७ जागा घेतल्या. लोक वेडे नाहीत.

लेस्टरची सून
नाना, तुम्ही आत आलात आणि आता दार लोटून घेताय! रिफॉर्म म्हणतोय की आयएलआरच (इथे कायम राहायची परवानगी) रद्द करू. लेबरही कायम राहण्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षं म्हणतंय, आणि आमच्यासारख्या कमी पगाराच्या कामाला पंधरा. सगळ्या अटी पाळून राहिलेल्या माणसाला मध्येच नियम बदलून सांगायचं हे कुठल्या रांगेत बसतं? आणि तो नऊ लाखांचा आकडा जून २०२५ पर्यंत दोन लाखांवर आलाय, तरी आरडाओरडा कमी झाला का?

हॅरोचे नाना
मध्येच नियम बदलणं चूक, ते मान्य. पण आकडा उतरला तरी नऊ लाखांच्या वेळी आलेली माणसं कुठे गेली नाहीत ना, घरभाडं त्यांच्यामुळेच चढलेलंय. बाकी चालू द्या.

रीडिंगकर
केंटचं काढलंच तुम्ही म्हणून सांगतो. उधळपट्टी शोधून पैसे वाचवू म्हणून आले, आणि बघतात तर काउंटी कौन्सिलचा बराचसा पैसा म्हाताऱ्यांच्या आणि मुलांच्या देखभालीत जातो, तिथे कापायचं काय? मग आपापसात भांडले आणि ऑनलाइन मीटिंगचा व्हिडिओपण बाहेर फुटला.

बंडू, तुझा मोदींचा दाखला इथे लागू नाही. २०१४ ला ते पुढे आणि बाकी सगळे मागे होते. इथे लेबरची मतं दोन्ही बाजूंनी गळतायत. ऑक्टोबरमध्ये वेल्समधल्या कॅरफिलीची पोटनिवडणूक बघ, शंभर वर्षांचा लेबरचा गड, तिथे लेबर ११ टक्क्यांवर. रिफॉर्म जिंकेल या धास्तीने लोकांनी प्लाइड कम्रीला (वेल्सच्या राष्ट्रवादी पक्षाला) मतं टाकली. इकडे झॅक पोलान्स्की नेता झाल्यापासून ग्रीन पक्षवाले पण लेबरच्याच ताटातलं उचलतायत. फराजच्या मागे धावलास तर डावे जातात, डाव्यांना सांभाळलंस तर उजवीकडचे जातात.

कट्ट्यावरचा बंडू
अरे मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की! दोन्हीकडून गळतं म्हणजे हा कुठल्याच बाजूला उभा नाही. एक बाजू धर, निम्मे तरी राहतील. नोव्हेंबरच्या बजेटात दोनच मुलांपुरत्या भत्त्याची अट काढली ते चांगलं केलं, पण तेच पहिल्या महिन्यात केलं असतं तर? तेव्हा त्याच मुद्द्यावर विरोधात मत दिलं म्हणून स्वतःचे सात खासदार सस्पेंड केले होते साहेबांनी. आता तेच धोरण स्वतः आणून टाळ्या मागायच्या. यात मतांच्या टक्केवारीचा काय संबंध?

रीडिंगकर
संबंध असा की थोडक्या मतांवर मोठं बहुमत मिळालेला नेता रोज घाबरतो. ४११ पैकी कितीतरी जण थोडक्या मतांनी आलेत, त्यांना आपली सीट डोळ्यासमोर नाचताना दिसते.

नवखा
बावळट प्रश्न वाटेल, पण स्टार्मरला हटवायचा तर परत निवडणूक घ्यावी लागते का?

कट्ट्यावरचा बंडू
नाही. २०२२ ला जॉन्सन, ट्रस, सुनक असे तीन पंतप्रधान एका वर्षात झाले, निवडणूक एकही नाही. लेबरमध्ये आव्हान द्यायला पक्षाच्या २० टक्के खासदारांच्या सह्या लागतात, म्हणजे ऐंशीच्या आसपास. सह्या जमतीलही, पण नाव कुणाचं पुढे करणार? सगळे अँडी बर्नहॅमचं नाव घेतात, तो बसलाय मँचेस्टरला मेयर होऊन. नेता व्हायला आधी खासदार असावं लागतं, म्हणजे त्याच्यासाठी कुणीतरी सीट सोडायची आणि तिथे रिफॉर्मला हरवून दाखवायचं.