एकाच नाण्यावर दोन शहरांच्या छापा? कसं ओळखायचं?

कणीसवाली:
मंडळी एक शंका आहे. एका म्युझियमच्या ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मेटापोंटमचं चांदीचं नाणं बघत होते, दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतीचं, ते बार्लीच्या कणसाचं, पुढून कणीस उठावदार आणि मागून तेच कणीस आत दबलेलं. माहितीत लिहिलंय की हे ग्रीसमधल्या कॉरिंथ शहराच्या स्टेटरवर (चांदीच्या नाण्यावर) ओव्हरस्ट्राइक केलंय, म्हणजे जुन्याच नाण्यावर नवीन छाप ठोकलीय. म्हटलं बघू तरी कॉरिंथचं काय दिसतंय, अर्धा तास झूम करून बसले पण मला नुसते ओरखडे दिसतायत. आणि मुळात कॉरिंथ कुठे, मेटापोंटम कुठे, मध्ये अख्खा समुद्र! तिकडची नाणी आलीच होती तर वितळवून नवीन का नाही पाडली, आहे त्यावरच ठोकायचं म्हणजे आळशीपणाच झाला ना?

जुनी_मोड:
ताई, आळशीपणा म्हणा हवं तर, पण हिशेबाचा आळशीपणा आहे तो 😄 नवीन नाणं पाडायचं म्हणजे चांदी वितळवा, सारख्या वजनाच्या चकत्या करा, आणि मग ठोका. इथे चकती आयती मिळतेय, चांदीही खात्रीची. कॉरिंथचा स्टेटर साधारण ८.६ ग्रॅमचा, मेटापोंटमचा ८ च्या आसपास, त्यात हातोहात फिरून झिजलेलं नाणं असेल तर फरक अजून कमी. तापवलं, दोन डायमध्ये (छापेच्या साच्यांमध्ये) धरलं, हातोडा मारला, झालं काम. मेटापोंटमची सुरुवातीची नाणी पसरट आणि पातळ होती, नंतर ती लहान आणि जाड होत गेली, त्यामुळे कॉरिंथचं नाणं मापातही बसायला लागलं. बाकी मेटापोंटमच्या आसपास चांदीची खाण नाही, शेती मात्र भरपूर, म्हणून तर नाण्यावर कणीस. चांदी यायची ती व्यापारातून, आणि ती नाण्यांच्याच रूपात. नुसती कॉरिंथची नाही, सिसिलीतल्या अक्रागास, सेलिनस वगैरे शहरांची नाणीही त्यांनी अशीच वापरलीत.

उलटसुलट:
वरच्याशी बरचसं सहमत, पण सगळीकडे नुसता पैसे वाचवायचा हिशेब नसतो हां. क्रीट या ग्रीक बेटाचं घ्या. तिथेही चांदी नाही, तिथल्या गॉर्टिन आणि फाइस्टॉस या शहरांची कितीतरी नाणी सायरीनच्या नाण्यांवर ठोकलेली आहेत, म्हणजे वर क्रीटच्या छापेतली युरोपा (पुराणकथेतली राजकन्या) झाडावर बसलीय आणि खालून सायरीनचा देव झ्यूस-अमोन डोकावतोय. सायरीन तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर! एवढी नाणी कुठून आली, तर ल रिदेर नावाच्या फ्रेंच अभ्यासकाचं म्हणणं की इ.स.पू. ३२३-३२२ च्या सुमारास थिब्रॉन नावाच्या सेनापतीने सायरीनवर स्वारी केली तेव्हा क्रीटचे भाडोत्री सैनिक तिथे लढले आणि पगार घेऊन घरी आले. मला हे पटतं, व्यापारापेक्षा जास्त पटतं.
आणि सिसिलीत तर ब्राँझवर हेच. हुकूमशहा डायोनिसियसच्या काळातली सिराक्यूज शहराची ती जाडजूड नाणी, अथेनाचं डोकं आणि मागे दोन डॉल्फिनच्या मध्ये तारा, ती कॉरिंथचा सेनापती टिमोलिऑन हुकूमशाही उलथवायला आल्यावर (इ.स.पू. ३४४) केंटोरिपा, आड्रानॉनसारख्या लहान शहरांनी घेऊन त्यावर आपापली छाप मारली. तिथे मला तरी 'आता आम्ही तुमचे नाही' असं सांगायची हौसही दिसते, हा अर्थात माझा अंदाज.

कणीसवाली:
अरे वा, पगाराची नाणी! पण मग हे दुसऱ्या शहराचं नाणं आहे की आपल्याच डायचा दुहेरी ठोका, हे कसं कळतं?

जुनी_मोड:
दुहेरी ठोक्यात तेच चित्र थोडं सरकून परत येतं, कणसाशेजारी कणीस. ओव्हरस्ट्राइकमध्ये दाणे आणि कुसळांच्या मध्ये अशा रेषा दिसतात ज्यांचा कणसाशी काही संबंधच नसतो. नाण्याच्या कडेला आधी बघा, तिथे ठोका कमी बसतो. दुसरी जागा म्हणजे नवीन डायमधला खोल भाग, तिथे धातू पूर्ण चढला नाही की जुनं चित्र शाबूत राहतं, त्यामुळे गंमत अशी होते की नवीन चित्राच्या सगळ्यात उंच भागावरच जुनं दिसतं. आणि फोटो फिरवा! जुनं नाणं डायमध्ये सरळ धरायची कोणाला गरज होती, ते आडवं-उलटं कसंही असू शकतं. तुम्ही पेगासस, म्हणजे कॉरिंथच्या नाण्यावरचा पंखवाला घोडा, शोधताय ना, तो कणसाच्या दिशेनेच उभा असेल असं धरून चालू नका.

उलटसुलट:
+१ फिरवायला. आणि एक, अभ्यासकांना याचं एवढं कौतुक का, तर खालचं नाणं वरच्याच्या आधीचं हे शंभर टक्के. किती आधीचं ते विचारू नका, वर्षभर की पन्नास वर्षं, नाणं काही बोलत नाही. पण ज्या नाण्यांवर साल नाही तिथे नुसता क्रम मिळाला तरी खूप.

कणीसवाली:
फिरवला!! साधारण काटकोनात वळवल्यावर कणसाच्या देठाजवळ चार-पाच समांतर वाकड्या रेषा आहेत, एका टोकाला जवळ येतात आणि दुसरीकडे फाकतात. पंख का हा??

जुनी_मोड:
पंखच असणार. आता त्याच्या खालच्या बाजूला कडेपर्यंत जा, गोलाला खाली दांडी असं अक्षर दिसतंय का बघा, तो कोप्पा, कॉरिंथची खूण.

कणीसवाली:
गोलाचा अर्धा भाग दिसतोय, दांडी कणसाच्या दाण्याखाली गेलीय 😭