मदत हवी आहे: मेंढ्या चालवत बाजाराला नेताना वजन घटतं, पुलावर कळप अडतो

मंडळी, मेंढ्या हाकत बाजारापर्यंत पोचवायचं काम यंदा पहिल्यांदाच करतोय. मागच्या खेपेला ४२ मेंढ्या, ३० किमी. पहाटे चारला निघून एका दमात नेल्या. पोचल्यावर गिऱ्हाईकाने एका मेंढीच्या कुशीतल्या खड्ड्यात चार बोटं घालून बघितली आणि काही न बोलता शेजारच्या कळपाकडे गेला. निघताना तोललेल्या पाच मेंढ्या परत काट्यावर चढवल्या, तर प्रत्येकी दोन-अडीच किलो कमी!

वाटेत एका पुलावर तर फजितीच झाली. रस्त्यात आडवी लोखंडी पट्टी होती, उन्हात चमकत होती. पुढची मेंढी थबकली, मागच्या तिच्यावर चढल्या, मी पाठीमागून ओरडतोय, काठी आपटतोय. शेवटी एकीने कठड्यावरून उडी घेतली. नशीब, खाली गवत होतं. पुढचे सहा किमी ती माझ्या खांद्यावर.

आता एका दिवसात न्यावं की मध्ये मुक्काम करावा? आणि खुरांना काही लावतात का? वेल्सहून लंडनकडे गुरं हाकत नेणारे पूर्वी त्यांना नाल ठोकत, खूर दुभंगलेला म्हणून एका पायाला दोन तुकडे. हंसांना म्हणे डांबरातून आणि मग वाळूतून चालवत, तोच त्यांचा जोडा. माझ्याही तीन-चार लंगडत होत्या, म्हणून विचारतोय.

प्रतिसाद:
दादा, ती घट मांसाची नाही. पोटातलं पाणी आणि लेंड्या गेल्या, बाकी फारसं काही नाही. तरी गिऱ्हाईक रिकामी कूस बघूनच भाव पाडणार. मुक्काम कराच, पण पाण्याजवळ आणि चरायला मिळेल तिथे. १८६७ नंतर टेक्सासहून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत गुरं नेणारेसुद्धा दिवसाला साधारण १६ ते २४ किमीच जात, तेही चारत चारत.

पुलावर चूक तुमची. मेंढीला जवळजवळ चौफेर दिसतं, नेमकं शेपटीमागचं तेवढं दिसत नाही. तुम्ही तिथूनच ओरडलात, मग ती वळून बघणार नाही तर काय! बाजूला, पण तिच्या खांद्याच्या मागे राहा, म्हणजे पुढे सरकते. खांद्याच्या पुढे आलात की थांबते किंवा फिरते. पट्टीवर आधी माती टाका. पुढे घंटा बांधलेली सवयीची बकरी असली तर अर्धं काम तीच करते.

नाल वगैरे विसरा. लंगडीला उलटी करून खुराच्या बेचक्यात बघा. खडा असेल तर काढा. घाण वास आला तर खूर कुजतोय, तिला कळपातून वेगळी काढा, बाजारात तर नेऊच नका.

धागाकर्ता:
आत्ताच बघितलं. दोघींच्या बेचक्यात खडे, तिसरीला वास येतोय, ती वेगळी बांधली. आता बकरीचं सांगा: नवी घेऊन शिकवायला किती दिवस लागतात? आणि बाजारात पोचल्यावर तिलाच आधी गिऱ्हाईक आलं तर?